नोड १४ वरून २२ वर जाताना: लॉक फाइल, एनपीएमची आवृत्ती आणि बदलांचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांच्या टीमकडे नोड १४ (जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) आणि एनपीएम ६ (त्यासाठीची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, बसवणारे साधन) यांवर चालणारा एक जुना प्रकल्प आहे. दोघांना नवीन लॅपटॉप मिळाले, त्यांवर नोड २२ आणि त्याबरोबर येणारे एनपीएम १० आहे. या दोघांनी इन्स्टॉल केले की पॅकेज-लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती बसवायची याची नोंद) मुळापासून बदलते, बाकीच्या चौघांपैकी कोणी केले की ती पुन्हा पालटते, आणि बिल्ड सर्व्हरवर नेमके काय बसते हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. त्यातच पीअर डिपेंडन्सीच्या (एखाद्या पॅकेजला सोबत हव्या असलेल्या दुसऱ्या पॅकेजच्या ठरावीक आवृत्तीच्या) त्रुटी सुरू झाल्या आहेत. एकाचे म्हणणे आहे की लॉक फाइल पुसून नव्याने सुरुवात करावी. दुसऱ्याचे म्हणणे आहे की पॅकेज.जेसनमधील (प्रकल्पाला थेट लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीतील) सगळ्या आवृत्त्या नेमक्या आकड्यांवर बांधून टाकाव्यात.

या दोन्हींपैकी कोणताही उपाय आज करू नका. आज करायचे काम एवढेच आहे की मुख्य ब्रांचवरील शेवटची व्यवस्थित चाललेली लॉक फाइल शोधून परत आणा, आणि पुढील सूचना होईपर्यंत सहाही जणांनी इन्स्टॉलऐवजी ‘एनपीएम सीआय’ हीच कमांड वापरावी असे ठरवा. नव्या लॅपटॉपवाल्या दोघांनी तात्पुरते नोड १४ वरच काम करावे. ‘सीआय’ लॉक फाइलला हात लावत नाही, नोड मॉड्यूल्सचे (पॅकेजेस प्रत्यक्ष बसतात ते) फोल्डर पुसून लॉकमध्ये लिहिले आहे तेच बसवते, आणि पॅकेज.जेसन व लॉक यांचा मेळ बसत नसेल तर पुढे न जाता थांबते. त्यामुळे गोंधळ वाढायचा तरी थांबेल, आणि मग शांतपणे पुढचा क्रम लावता येईल.

तुमच्याकडे जे घडते आहे त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ते समजले की क्रम आपोआप ठरतो. लॉक फाइलच्या सुरुवातीलाच ‘लॉकफाइल व्हर्जन’ नावाचा एक आकडा असतो. २०१७ मध्ये एनपीएम ५ बरोबर ही फाइल आली तेव्हा तो १ होता आणि एनपीएम ६ पर्यंत तसाच राहिला. २०२० मधील एनपीएम ७ पासून तो २ झाला. या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये तीच माहिती दोनदा असते: ‘पॅकेजेस’ या नव्या विभागात, आणि जुन्या एनपीएमला वाचता यावी म्हणून ‘डिपेंडन्सीज’ या जुन्या विभागातही. एनपीएम ९ पासून ३ हा प्रकार आला, आणि त्यात जुना विभाग काढून टाकलेला आहे. आता महत्त्वाची गोष्ट अशी की नवे एनपीएम, म्हणजे ९ आणि त्यापुढचे, दुसऱ्या प्रकारची फाइल दिसली तर ती तशीच ठेवते, परंतु पहिल्या प्रकारची दिसली तर ती थेट तिसऱ्या प्रकारात रूपांतरित करते. तुमच्या नव्या लॅपटॉपवर नेमके हेच झाले. आणि त्यानंतर जुन्या लॅपटॉपवरच्या एनपीएम ६ ने ती फाइल उघडली तेव्हा त्याला कळणारा विभागच तिच्यात नव्हता. ते एक इशारा छापते की ही फाइल वेगळ्या प्रकारची आहे, मी जमेल तसा प्रयत्न करतो, आणि मग जणू लॉक फाइल नाहीच असे समजून प्रत्येक पॅकेजची आज उपलब्ध असलेली, मर्यादेत बसणारी नवीन आवृत्ती उचलते. त्या क्षणी तुमचे लॉक गेलेले असते, आणि तरीही फाइल जागेवर दिसत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही.

लॉक फाइल पुसून नव्याने सुरुवात करणे मी का टाळायला सांगतो, ते एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. त्यातून सभासदांना मराठीत पावत्या छापून दिल्या जात. एका सोमवारी शाखेतून फोटो आला: ‘सूर्यवंशी’ या आडनावातील रफार ‘य’वर चढलाच नव्हता, पायमोडका ‘र’ सुटा पडला होता आणि त्याच्यापुढे ‘य’ वेगळा उभा होता. ‘मार्च’चेही तसेच. पावतीच्या कोडला तीन महिन्यांत कोणी हात लावलेला नव्हता, फॉन्ट तोच होता, पीडीएफ तयार करणाऱ्या लायब्ररीची आवृत्तीही तीच होती. गिट बायसेक्टने (बिघाड कोणत्या बदलापासून सुरू झाला ते शोधणारी कमांड) ज्या कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, बोट ठेवले त्याचा संदेश होता ‘नवीन मशीनवर सेटअप’, आणि त्यात एकट्या लॉक फाइलच्या वीस हजारांहून अधिक ओळी बदललेल्या होत्या. सहकाऱ्याला इन्स्टॉल करताना त्रुटी आली होती, म्हणून त्याने लॉक आणि नोड मॉड्यूल्स दोन्ही पुसून पुन्हा तयार केले होते. त्या एका कमिटमध्ये दोनशेहून अधिक पॅकेजेसच्या आवृत्त्या सरकल्या होत्या, आणि त्यांतले एक होते पीडीएफ लायब्ररीच्या दोन पायऱ्या खाली बसलेले, अक्षरजुळणी करणारे लहानसे पॅकेज. ते शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. चूक त्या सहकाऱ्याची कमी आणि आमच्या पद्धतीची जास्त होती. लॉक फाइलचा फरक वाचण्याजोगा नसतो असे आम्ही सर्वांनीच गृहीत धरले होते, त्यामुळे रिव्ह्यू करणारा तो भाग घडी घालून पुढे जात असे.

तेव्हापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: लॉक फाइलचा प्रकार बदलणे आणि पॅकेजच्या आवृत्त्या बदलणे ही दोन कामे एका कमिटमध्ये कधीही एकत्र येऊ द्यायची नाहीत. पहिल्या कमिटमध्ये ओळी हजारोंनी बदलतात पण आवृत्ती एकही बदलता कामा नये. दुसऱ्यात ओळी थोड्या बदलतात आणि प्रत्येक ओळीला कारण असते. तुमच्या बाबतीत हे साधण्याचा मार्ग असा आहे.

नोड १४ जसा आहे तसा ठेवा आणि आधी फक्त एनपीएम ६ वरून ८ वर न्या. एनपीएम ८ नोड १४ वर चालते (१४.१५ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी), त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट हलते. एनपीएम ८ पहिल्या प्रकारची लॉक फाइल दुसऱ्या प्रकारात नेते, आणि आपल्याला नेमका हाच मधला टप्पा हवा आहे, कारण या फाइलमध्ये जुना विभाग अजून शिल्लक असतो. जुन्या फाइलमधील आणि नव्या फाइलमधील ‘डिपेंडन्सीज’ विभाग दहा-पंधरा ओळींच्या एका स्क्रिप्टने वाचा, आत दडलेल्या उपविभागांसह प्रत्येक पॅकेजचे नाव आणि आवृत्ती एकेका ओळीवर काढा, दोन्ही याद्या क्रमाने लावा आणि त्यांतला फरक पाहा. वीस हजार ओळींचा फरक इथे पाच-पंचवीस ओळींवर येतो. त्या ओळींमध्ये काही नवीन नावे दिसतील, कारण एनपीएम ७ पासून पीअर डिपेंडन्सी आपोआप बसवल्या जातात. त्या अपेक्षित आहेत. परंतु आधीपासून असलेल्या एखाद्या पॅकेजचा आकडा बदललेला दिसला, तर तो का बदलला हे कळेपर्यंत कमिट करू नका.

हे रूपांतर कोणाच्याही लॅपटॉपवर न करता, बिल्ड सर्व्हर ज्या लिनक्स इमेजवर चालतो त्याच इमेजच्या (तयार साच्याच्या) कंटेनरमध्ये (वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) आणि नोड मॉड्यूल्सचे फोल्डर रिकामे असताना करा. काही पॅकेजेस प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा तयार भाग ऐच्छिक डिपेंडन्सी म्हणून आणतात, आणि मॅकवर आधीच भरलेल्या फोल्डरच्या आधारे लॉक फाइल तयार झाली तर लिनक्ससाठीचा भाग तिच्यातून गळू शकतो. मग लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते आणि बिल्ड मात्र ‘मॉड्यूल सापडले नाही’ म्हणून पडतो. रोलअप (जावास्क्रिप्ट फाइल्स एकत्र बांधणारे साधन) वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव आलेला आहे.

आता पीअर डिपेंडन्सीच्या त्रुटींकडे वळू. एनपीएम ६ अशा विसंगतीबद्दल फक्त इशारा देत असे आणि आपण तो वाचत नसू. एनपीएम ७ पासून ती विसंगती ‘ईरिझॉल्व्ह’ या त्रुटीने इन्स्टॉल थांबवते. म्हणजे अडचण नवीन नाही, ती आधीपासून प्रकल्पात होती आणि आता दिसू लागली आहे. त्रुटीचा मजकूर लांब असतो, पण त्यातल्या दोनच गोष्टी वाचायच्या असतात: प्रकल्पात कोणती आवृत्ती सापडली, आणि कोणत्या पॅकेजला तिच्याऐवजी कोणती हवी आहे. समजा प्रकल्पात रिअ‍ॅक्ट १८ आहे आणि तारीख निवडण्याचा एखादा जुना घटक १६ किंवा १७ च मागतो आहे. त्या घटकाची नवी आवृत्ती रिअ‍ॅक्ट १८ ला मान्यता देत असेल तर ती घ्या. घटकाची देखभाल थांबली असेल तर तो बदलण्याचे काम यादीत घ्या. आणि तो प्रत्यक्षात १८ वर व्यवस्थित चालतो हे तपासून पाहिले असेल, तर एनपीएम ८.३ पासून उपलब्ध असलेल्या ‘ओव्हरराइड्स’ या नोंदीत फक्त त्या एका पॅकेजपुरता अपवाद लिहा. जेसन फाइलमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, म्हणून अपवादाचे कारण आणि तो केव्हा काढायचा हे कमिटच्या संदेशात आणि प्रकल्पाच्या माहितीपत्रकात लिहून ठेवा. दोन वर्षांनी त्या ओळीकडे पाहणाऱ्याला, ती काढली तर काय मोडेल, हे कळले पाहिजे.

‘लेगसी-पीअर-डेप्स’ हा पर्याय सगळ्यांना लगेच सुचवला जातो, आणि मी तो शक्यतो वापरू देत नाही. तो एका पॅकेजपुरता नसतो. संपूर्ण प्रकल्पातील पीअर डिपेंडन्सीची तपासणीच तो बंद करतो. वेळेअभावी वापरावाच लागला, तर कोणाच्या कमांडमध्ये टंकलेला न ठेवता प्रकल्पाच्या एनपीएमआरसी (एनपीएमची सेटिंग्ज असलेल्या) फाइलमध्ये लिहून कमिट करा. एकाने तो पर्याय देऊन लॉक फाइल तयार केली आणि बिल्ड सर्व्हरने त्याशिवाय ‘सीआय’ चालवले, तर दोघांच्या हिशेबाने पॅकेजेसचे झाड वेगळे होते आणि ‘सीआय’ मेळ बसत नाही म्हणून अडते. तुमच्या बिल्डच्या काही त्रुटी यामुळेच असाव्यात असा माझा अंदाज आहे.

एनपीएम ८ वर सगळे स्थिरावले की मग नोडकडे जा. नोड १४ चा आधार ३० एप्रिल २०२३ रोजी संपला आहे, त्यामुळे हे टाळता येणार नाही. मात्र थेट २२ वर उडी न मारता १६, १८, २० असे टप्पे घ्या. प्रत्येक टप्प्यावर महिनाभर राहण्याची गरज नाही, चाचण्या हिरव्या झाल्या की पुढे चला. टप्पे घेण्याचा फायदा असा की कोणती गोष्ट कुठे मोडली ते लगेच कळते. तुमच्या वयाच्या प्रकल्पात दोन ठिकाणे बहुधा मोडतील. प्रकल्पात नोड-सास (सासमध्ये लिहिलेली शैली सीएसएसमध्ये बदलणारे पॅकेज) असेल तर त्याची प्रत्येक आवृत्ती ठरावीक नोडशी बांधलेली असते. ४.१४ ही नोड १४ पर्यंतच चालते. या पॅकेजची देखभाल अधिकृतपणे थांबलेली असल्यामुळे त्याच्या आवृत्त्यांमागे न धावता ‘सास’ या पॅकेजवर या. भागाकारासाठी तिरकी रेघ वापरण्याच्या जुन्या पद्धतीबद्दल ते इशारे देईल, ते एकदाच निस्तरावे लागतात. दुसरे ठिकाण वेबपॅक ४ (प्रकल्पाच्या फाइल्स एकत्र बांधणारे साधन). नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ (कूटलेखनाची लायब्ररी) आले, आणि वेबपॅक ४ ज्या एमडी४ पद्धतीने हॅश काढते ती त्यात सहजासहजी उपलब्ध नाही, म्हणून नोड १८ वर बिल्ड सुरू होताच पडतो. ‘ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर’ हा पर्याय देऊन पुढे सरकता येते, पण तो एक-दोन आठवड्यांचा टेकू समजा आणि वेबपॅक ५ चे काम त्याच वेळी हाती घ्या.

एनपीएम आणि नोड यांच्या आवृत्त्या लिहून ठेवणे हा या सगळ्याचा पाया आहे. आपण शेकडो पॅकेजेसचे आकडे जपतो आणि ती बसवणाऱ्या साधनाचा आकडा मात्र ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर सोडून देतो, हे मला नेहमी खटकते. पॅकेज.जेसनमधील ‘एंजिन्स’ या नोंदीत नोड आणि एनपीएम दोन्हींच्या मर्यादा लिहा. ती नोंद एकटी फक्त इशारा देते, म्हणून एनपीएमआरसीमध्ये ‘एंजिन-स्ट्रिक्ट’ चालू करा, म्हणजे चुकीच्या आवृत्तीवर इन्स्टॉल थांबेल. हा नियम इतर पॅकेजेसनी घातलेल्या मर्यादांनाही लागू होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी एखादे अनपेक्षित पॅकेज अडेल. डॉकर इमेजचा टॅग ‘नोड २२’ एवढाच न ठेवता पूर्ण आकड्यापर्यंत लिहा. यार्न किंवा पीएनपीएमकडे (एनपीएमच्या पर्यायांकडे) वळायचा विचार असेल तर ‘पॅकेज मॅनेजर’ ही नोंद आणि कोअरपॅक (ही साधने ठरलेल्या आवृत्तीत आणून देणारे) यांची जोडी उपयोगी पडते, पण नोड २५ पासून कोअरपॅक नोडबरोबर येत नाही, तेव्हा ते वेगळे बसवण्याची पायरी बिल्डमध्ये धरा.

नेमके आकडे की कॅरेट, हा प्रश्न दिसतो तितका निर्णायक नाही. कॅरेट म्हणजे ^१.२.३ लिहिले की १.२.३ पासून २.०.० च्या आतले काहीही चालेल असा अर्थ होतो, पण ^०.२.३ चा अर्थ ०.३.० च्या आतले असा होतो, आणि ^०.०.३ तर फक्त तीच आवृत्ती स्वीकारते. शून्याने सुरू होणाऱ्या पॅकेजेसबाबत ही गफलत नेहमी होते. लॉक फाइल कमिट केलेली असेल आणि सगळीकडे ‘सीआय’ चालत असेल, तर काय बसणार हे लॉक ठरवते, पॅकेज.जेसन फक्त पुढच्या वेळी कुठपर्यंत जायची परवानगी आहे ते सांगते. तुम्ही स्वतःच्या साठ पॅकेजेसचे आकडे नेमके केलेत, तरी त्यांच्या खालची हजारभर पॅकेजेस त्यांच्या लेखकांनी कॅरेटनेच मागितलेली असतात. आमच्या पावतीतला रफार त्याच थरात मोडला होता. म्हणून नेमके आकडे लिहायला माझी हरकत नाही, हरकत आहे ती त्यांना लॉक फाइलचा पर्याय समजण्याला. लायब्ररी प्रकाशित करणाऱ्यांनी मात्र मर्यादा सैल ठेवाव्यात, कारण त्यांची पॅकेज-लॉक फाइल वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

आवृत्तीचा आकडा हे लेखकाने दिलेले वचन असते, एवढे ध्यानात ठेवावे. जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या पॅकेजच्या लेखकाने १.४.१ ही शेवटच्या आकड्याची, म्हणजे किरकोळ दुरुस्तीची समजली जाणारी आवृत्ती काढली आणि तिच्यात न संपणारे लूप जाणीवपूर्वक घातले. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ची जबाबदारी नव्या व्यक्तीकडे गेली आणि तिच्या ३.३.६ या आवृत्तीत बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करणारे एक पॅकेज डिपेंडन्सी म्हणून घुसवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’सारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजेसच्या देखभालकर्त्याला बनावट ईमेलने फसवून त्यांच्या घातक आवृत्त्या रजिस्ट्रीवर (पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर) चढवल्या गेल्या, त्या काही तासांतच हटवल्या गेल्या, पण त्या तासांत ज्यांनी लॉकशिवाय इन्स्टॉल केले ते सापडले. यावरून मी एक साधा नियम घेतला आहे की रजिस्ट्रीवर येऊन किमान सात दिवस झाल्याशिवाय नवी आवृत्ती घ्यायची नाही. एनपीएममध्ये ‘बिफोर’ या पर्यायाला तारीख देता येते, पीएनपीएममध्ये १०.१६ पासून ‘मिनिमम रिलीज एज’ मिनिटांत लिहिता येते, आणि रेनोव्हेट व डिपेंडाबॉट (नव्या आवृत्त्या आपोआप सुचवणारी साधने) या दोघांतही अशी सोय आहे. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर हा नियम बाजूला ठेवावा लागतो, आणि तो निर्णय टीममधल्या कोणीतरी एकाने नावानिशी घ्यावा.

नेहमीच्या अपग्रेडसाठी आठवड्यातला एक ठरावीक दिवस ठेवा, शुक्रवार नको. किरकोळ आवृत्त्या गटाने घ्या, मोठ्या आवृत्त्या एकेक करून आणि त्यांची बदलांची नोंद वाचून घ्या. एखादे पॅकेज कोणामुळे आले हे ‘एनपीएम एक्स्प्लेन’ सांगते. लॉक फाइलमध्ये मर्जचा संघर्ष आला तर ती हाताने जोडू नका: आधी पॅकेज.जेसनमधला संघर्ष सोडवा, मुख्य ब्रांचवरची लॉक फाइल जशीच्या तशी घ्या आणि त्यावर इन्स्टॉल चालवा.

आणि तिसऱ्या प्रकारच्या लॉक फाइलकडे जाण्याची घाई करू नका. दुसऱ्या प्रकारची फाइल नोड २२ वर आणि एनपीएम १० वर विनातक्रार चालते, आणि ती एनपीएम ६ लाही वाचता येते, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये काही अडले तर जुन्या इमेजवर परत जाण्याची वाट उघडी राहते. नोड २२ वर किमान एक महिनाअखेर, म्हणजे तुमची सगळी मासिक कामे एकदा पूर्ण चालून झाली, आणि एनपीएम ६ असलेले एकही मशीन उरले नाही याची खात्री पटली, की ‘लॉकफाइल-व्हर्जन’ ३ देऊन एकदा इन्स्टॉल करा, आधीच्या स्क्रिप्टमध्ये ‘पॅकेजेस’ विभाग वाचण्याची सोय करून आवृत्त्यांची यादी पुन्हा ताडून पाहा, आणि तेवढ्यापुरता वेगळा कमिट करा.